कमानीखाली उभे राहण्याचा मान

पुलाची कमान पुरी झाली की तिचा लाकडी आधार काढताना कामाच्या कारभाऱ्याने तिच्याखाली उभे राहायचे, अशी एका संस्थानात रीत होती. तेथील नदीवरचा पूल भिवराबाईंनी बांधून घेतला होता. पुढे व्हायच्या घाटाचे कामही आपल्याकडेच यावे, अशी त्यांची इच्छा होती.

आधार काढण्याच्या दिवशी दिवाण त्र्यंबकपंत राजाला म्हणाले, "महाराज, दगड गवंड्यांनी घडवले, लाकूड सुतारांनी जोडले. बाईंनी काय केले? नुसत्या विचारपूस करत हिंडल्या! घाटाचे काम माझ्या जावयाला द्यावे."

राजाने भिवराबाईंकडे पाहिले.

"दिवाणजींचे म्हणणे मान्य आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "जावईबापूंनी आत्ताच कारभार घ्यावा आणि कमानीखाली उभे राहावे."

जावईबापूंचा चेहरा उतरला. त्र्यंबकपंत घाईने कारागिरांकडे वळले. "अरे, चुना पुरता धरला आहे ना? सुतारांनो, गवंड्यांना विचारलेत का? मधला दगड कोणी तपासला?"

"पंत, मी हेच विचारत हिंडत होते," भिवराबाई म्हणाल्या. "फरक एवढाच, की उत्तर मिळाल्याशिवाय मी पुढचा दगड बसू दिला नाही."

त्या कमानीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुतारांना खूण केली. एकेक तुळई निघू लागली.

राजाने निवाडा शब्दांत दिला नाही. शेवटची तुळई निघण्याआधी तो काठ उतरून खाली आला आणि भिवराबाईंच्या शेजारी उभा राहिला.