उशीर नक्की कुणाला झाला?

कराडच्या मंदाकिनी कुलथे, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, लेकीच्या बाळंतपणासाठी मस्कतला निघाल्या होत्या. चार महिने आधी काढलेलं स्वस्त तिकीट पर्समध्ये होतं. पण घाटात टॅक्सी पंक्चर झाली आणि मुंबई विमानतळावर पोहोचायला पंधरा मिनिटं उशीर झाला.

काउंटरवरचा मॅनेजर मानही वर न करता म्हणाला, "विमान सुटायच्या एक तास आधी काउंटर बंद होतो. तिकीट बुडालं. नवं काढा, तिप्पट पडेल."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात फलकावर अक्षरं झळकली: मस्कतचं विमान चार तास उशिरा सुटेल.

"म्हणजे मी पावणेचार तास लवकर आलेय!" बाई म्हणाल्या.

"आम्ही तिकिटावरचीच वेळ धरतो," मॅनेजर गुरकावला.

"मग तसं लिहून द्या!" बाई शेजारच्या रांगांना ऐकू जाईल अशा कडाडल्या. "विमान तिकिटावरच्या वेळेलाच सुटणार, असं सही-शिक्क्यानिशी लिहा. आत ताटकळलेल्या दीडशे माणसांना मी तो कागद वाचून दाखवते."

रांगांतली माणसं वळून बघू लागली. मॅनेजरने पेन उचललं, खाली ठेवलं आणि मुकाट्याने बाईंची बॅग काट्यावर घेतली.

बाईंनी त्याचे आभार मानले नाहीत.