भुंग्याचं लाकूड

सरबत सावकाश प्या पाहुणे, पण त्या लाकडाला टेकू नका. वाळलेलं आहे, भोकं पडलेली आहेत, तरी त्याचा मान मोठा. आसणवाडीत अठ्ठावीस घरं. प्रत्येक घराच्या परसात कृष्णफळाचा मांडव, आणि मांडवाला लागून असा एक ओंडका उभा. तो चुलीत जात नाही, होळीत तर नाहीच नाही. असं का, ते ऐका.

फार जुनी गोष्ट. त्या काळी आसणवाडीची होळी सात गावांत उंच असे म्हणे. शिमगा जवळ आला की वाडी रान झाडून काढायची. वाळकी फांदी म्हणून कुठे शिल्लक राहायची नाही, आणि त्याचाच वाडीला कोण अभिमान!

अशा वाडीत सारजा सून म्हणून आली. बाप कुणा साहेबाच्या बंगल्यावर माळी. तिथली कृष्णफळाची वेल तिच्या माहेरी मांडवभर पसरलेली. उन्हाळ्यात गराचं गूळ-मीठ घालून सरबत, सालीचं लोणचं, आणि पोरीबाळी तर फळ फोडून बियांसकट गर चोखायच्या. सासरी येताना सारजानं त्या वेलीचं रोप पदराआड आणलं. परसात लावलं. माहेरचं काहीतरी डोळ्यांसमोर असावं, एवढीच तिची हौस.

वेल जोमानं चढली. फुलं आली, पांढरी-जांभळी, बघत राहावीत अशी. पण सांजेला मिटायची आणि दोन दिवसांत गळायची. फळ एक नाही. अशी तीन वर्षं गेली, आणि सारजाची कूसही उजवली नाही.

सासू ठकूबाई मनाची वाईट नव्हती असं सांगतात. पण बाबांनो, मन कुणाला दिसतं? माणसाला लागतं ते तोंडच. चारचौघींत ती म्हणायची, "वेल वांझ आणि आणणारीही वांझ!" तिसऱ्या वर्षी तिनं अक्षय्य तृतीयेची मुदत घालून निकालच दिला. "आखितीपर्यंत वेलीला फळ धरलं तर ठीक. नाहीतर वेल तोडायची आणि हिला कायमची बापाकडं धाडायची." नवरा धाकलू खाली मान घालून जेवत राहिला. सारजाला सासूच्या बोलण्यापेक्षा ती खाली गेलेली मानच जास्त लागली.

माघात एक दिवस ती चाऱ्यासाठी ओढ्यापलीकडं लांब गेली होती. तिथं तिला गुणगुण ऐकू आली. मेलेल्या पांगाऱ्याचं खोड पडलेलं, त्याला बोट जाईल एवढी भोकं, आणि भोकांतून काळेभोर भुंगे ये-जा करतायत. सारजा भोकांपाशी वाकली. माहेरच्या मांडवाशेजारी असंच एक लाकूड होतं! आई ते जाळायला मागायची, तेव्हा बाप म्हणायचा, "राहू दे. फुलं वेलीची, पण फळं भुंग्याची." इतकी वर्षं हे कसं आठवलं नाही, म्हणून तिला रडूच फुटलं. भुंगा वाळक्या लाकडात घर करतो, आणि आसणवाडीत वाळकं लाकूड होतंच कुठे?

दिवेलागणीला भुंगे आत शिरले, तशी तिनं भोकांना ओल्या मातीचे बोळे लावले. खोडाचा कमरेएवढा तुकडा कोयत्यानं तोडला आणि डोक्यावर घेऊन परसात आणून उभा केला. सकाळी बोळे काढले.

ठकूबाई कडाडली, "अगं, घराचं आढं पोखरतील मेले!"

"पोखरू देत, आत्या. आखितीपर्यंतच ना? मग मी आणि लाकूड दोघंही जाऊ."

होळीच्या दिवशी पोरं बोंबा मारत लाकडं उचलायला आली. सारजा ओंडक्यावर जाऊन बसली. "आधी मला होळीत टाका, मग हे." सणाच्या दिवशी असलं अभद्र! पोरांनी सासूकडं पाहिलं. काय मनात आलं कुणास ठाऊक, ठकूबाई म्हणाली, "जा रे पुढं." त्या वर्षी आसणवाडीची होळी हातभर ठेंगणी झाली.

आखितीला सारजाचा बाप न्यायला आला. बोचकं बांधून तयार होतं. कोयता घेऊन ठकूबाई स्वतः मांडवाखाली गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सारजा भीत भीत मागून गेली. पानाआड हिरव्या गोट्या लोंबत होत्या. एक, दोन... सात!

ठकूबाईनं कोयता खाली ठेवला. "सारजे, तू रोप लावलंस ना, त्याच शिमग्याला इथलं जुनं भुंग्यांचं लाकूड होळीत टाकलं. मीच टाकलं गं. आणि वांझ म्हणत राहिले तुला." मग तिनं आपल्या हातानं बोचकं सोडलं, आणि व्याह्यांना जेवायला बसवलं.

पुढं सारजाला मूल झालं का? सगळे पाहुणे हेच विचारतात. नाही झालं. पण त्या घरात पुन्हा तो शब्द कुणी काढला नाही. तिच्या वेलीची रोपं वाडीभर गेली, प्रत्येक रोपाबरोबर वाळका ओंडका गेला. ठकूबाईला अंथरुणात शेवटचं सरबत पाजलं तेही सारजानंच म्हणे.

आजही आसणवाडीची होळी पंचक्रोशीत सगळ्यात बुटकी असते, आणि आम्हाला त्याची लाज नाही. आजही इथं वेलीला, गाईला, बाईला कुणी वांझ म्हणत नाही. फळ धरलं नाही, तर जाणती माणसं एवढंच विचारतात, "लाकूड कुणी जाळलं?"