नाव बरोबर, भोंगा गप्प

"नाव चुकलं होतं, सर. दुरुस्त केलं. आता गाडी सोडू ना?"

शार्दूल उभ्याउभ्याच बोलला. बसायला त्याला कधीच वेळ नसतो.

मुजावर सरांनी मान वर केली नाही. "कुणाचं नाव?"

"नेटवर्क कार्डाचं."

मी शेजारच्या टेबलावर तारांना डाग देत बसलो होतो, म्हणून मला सगळं ठाऊक. निंबरगावच्या नदीकाठी पुराचा भोंगा बसायचा होता. वरच्या बंधाऱ्यावरून पाणी चढल्याचा निरोप आला, की पेटीतला छोटा कॉम्प्युटर भोंगा वाजवणार. वर पाऊस लागून राहिला होता, तेव्हा पेटी आजच जायला हवी होती. प्रोग्राम शार्दूलचा. पोरगं हुशार, यात वाद नाही. पण हुशारीची झूल झोपतानासुद्धा उतरवायचं नाही.

प्रोग्रामची परीक्षा त्यानं व्हर्च्युअल मशीनवर घेतली होती, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातच मांडलेल्या लटक्या कॉम्प्युटरवर. तिथं निरोप घेणाऱ्या नेटवर्क कार्डाचं नाव होतं ईथ-झिरो. प्रोग्राम तेवढंच नाव शोधायचा. आज सकाळी त्यानं नवं मशीन मांडलं, तर त्यात कार्डाला भलतंच लांबलचक नाव मिळालं आणि घोडं अडलं.

"मग काय केलंस?"

"मशीनला बजावलं. सुरू होतानाच जुनं नाव ठेवायचं, बास."

"ऐकलं?"

"न ऐकून सांगतंय कुणाला?"

बाहेर ड्रायव्हर भगवाननं जीप सुरू केली.

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

सरांनी चष्मा पुसला. शार्दूलच्या लटक्या मशीनला आणखी एक कार्ड जोडलं, बंधाऱ्याचा निरोप त्या दुसऱ्या कार्डावर वळवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर अक्षरं आली. ईथ-झिरो सापडलं. नेटवर्क तयार.

"बघा," शार्दूल म्हणाला.

"पाणी चढव."

शार्दूलनं बंधाऱ्याचा खोटा निरोप सोडला. भोंग्याच्या जागी टेबलावर स्पीकर होता.

...

स्पीकर गप्प.

त्यानं पुन्हा सोडला.

...

मला राहवेना. उठून स्पीकरची वायर हलवून पाहिली. वायर पक्की होती. पडद्यावर अजून तेच, नेटवर्क तयार. माझ्या अंगावर काटा आला. बंद पडलेलं यंत्र एक वेळ परवडलं. हे तर बुडत्या गावाला सगळं ठीक आहे म्हणून सांगत होतं.

"निरोप दुसऱ्या कार्डावर येतोय," शार्दूल फणकारला. "ते तुम्ही जोडलंत."

"निंबरगावच्या पेटीत किती कार्डं आहेत?"

शार्दूलचा चेहरा उतरला. तारेचं एक, सिमवर चालणारं एक. दोन्ही त्यानंच पसंत केली होती.

"निरोप कुठलं घेणार?"

"सिमचं."

"आणि ईथ-झिरो कुठलं होणार?"

"...सांगता येत नाही. जे आधी उठेल ते."

बाहेर भगवाननं हॉर्न दिला.

"मग कुठलं नाव लिहू, सर?" आवाज पार खाली आला होता.

"मला काय विचारतोस? हाक मार. ओ देईल ते तुझं."

शार्दूल बसला. नाव खोडलं. आता प्रोग्राम एकेका कार्डावरून बंधाऱ्याला हाक मारू लागला. ज्या कार्डावर उत्तर येईल तेच धरायचं, नाव काही का असेना. सरांनी कार्डांची अदलाबदल केली, त्यांना वेडीवाकडी नावं दिली. दर खेपेला स्पीकर बोंबलला. शेवटी तर असा, की भगवान जीप तशीच चालू टाकून दारात धावत आला.

मला हायसं वाटलं. शार्दूल तर ताडकन उठला.

"आता खात्री आहे, सर. तुम्ही फक्त हो म्हणा."

"माझं हो कशाला? पेटी घे, जीपमध्ये बस. निंबरगावात नदीला लागून शेवटचं घर आहे, त्यांना मी फोन केलाय. पेटी बसव आणि आज त्यांच्याच घरी झोप."

शार्दूलनं पेटी उचलली. दारापर्यंत गेला. थांबला...



तो परत फिरला. पेटी टेबलावर ठेवली, उघडली आणि खुर्ची ओढून बसला. त्यात सिम घातलं.

"सर... खऱ्या पेटीवर एकदा बघतो."

"अहो, उशीर होतोय," भगवान वैतागला. "पाणी काय आपल्यासाठी थांबतंय होय?"

मुजावर सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"इंजिन बंद कर, भगवान. काम आत्ता कुठं सुरू झालंय."