दगडाच्या आतल्या अंगाची खूण

शिळवणी गावी अमळेश्वराच्या ओवरीत त्या साली कृपाळनाथ महाराजांचा मुक्काम होता. देऊळ सातशे वर्षांचं, चुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड बसवून उभारलेलं. मंडपाची एक तुळई सरकली होती. ती खाली उतरवून, घडून पुन्हा बसवायची होती. अशा दुरुस्तीत छिन्नीचा पहिला घाव गावच्या पाथरवटांच्या घराण्यानं घालायचा, हा तिथला पूर्वापार मान. त्या घराण्यात आता एकटी भागूबाई उरली होती. वारलेल्या नवऱ्याची हळदकुंकू लावलेली छिन्नी घेऊन ती मंडपात आली.

देवळाचे दप्तरदार त्रिंबकपंत आडवे आले. "कसला मान? दप्तरात दाखव!" त्यांनी लाल रुमालात बांधलेले जुने कागद सर्वांसमोर सोडले. जमीन देणारे, तूप देणारे, नंदादीप लावणारे, सगळ्यांची नावं निघाली. पाथरवटाचं एकही नव्हतं. "देऊळ काय तुझ्या सासऱ्यानं बांधलं?" पंत म्हणाले आणि बाहेरगावचे गवंडी खो खो हसले.

भागूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "व्हय, आमच्याच घरानं बांधलं! आमची खूण दगडाच्या आतल्या अंगाला असती. ती देवानं बघायची, मानसांनी न्हाई."

"वा! म्हणजे पुराव्यासाठी देऊळ पाडू? काढा रे हिला बाहेर!"

काय हा उन्मत्तपणा! ज्या सावलीत बसून कागद चाळायचे, ती सावली उभी करणाऱ्यांनाच हाकलायचं! भागूबाईला धाक होता तो निराळाच. ती गेली की घराणं संपणार. आजचा घाव हुकला, तर इथं कधी पाथरवट होते हेच कुणाला कळणार नव्हतं. तिनं खांबाला मिठी मारली. "देवा, तुला तरी ठावं हाय ना रं?"

महाराज ओवरीतून उठून आले. डोळे लाल झाले होते. "पंत, तूप देणाऱ्याचं नाव तुमच्या दप्तरात आहे. दगड वाहून ज्याचा खांदा सोलला, त्याच्या वेळी शाई संपली होती काय?"

"मग दगडालाच विचारा, महाराज," पंत गुर्मीत म्हणाले.

"विचारतो. माय, तुळईखालच्या त्या लाकडी माचीवर चढ. तुळईला हात लाव."

ती उतरवायला सकाळपासून चाळीस माणसं दोर ओढून थकली होती. पण भागूबाईचा हात लागला मात्र, निजलेलं मूल खाली ठेवावं तशी ती तुळई अलगद उतरली आणि कुशीवर वळली. ना दोर, ना आवाज! सातशे वर्षं झाकलेली बाजू उजेडात आली. तिच्यावर एक मासा आणि त्याखाली तीन रेघा कोरलेल्या होत्या. सासरी आल्यावर भागूबाईच्या मनगटावर गोंदवलेली खूण हीच होती. धन्य ते महाराज!

पंतांचा चेहरा उतरला. पागोटं काढून ते महाराजांच्या पाया पडायला वाकले. महाराज मागे सरले. "माझ्या नको. अपमान माझा नाही केलात. तिच्या पायांवर डोकं ठेवा, साऱ्या गावादेखत."

त्रिंबकपंतांनी माचीवरून उतरलेल्या भागूबाईपुढे फरशीवर लोटांगण घातलं. त्यांना रडू आवरेना. भागूबाईनं छिन्नी तुळईवर टेकवली.

"उठा, पंत. सरका बाजूला. मला घाव घालायचाय."