पश्चिमेचं झाप

“...मगे मी कोण, बाबा? मी तिच्या पोटचो नाय?”

पुंडलिक आईबद्दल हे ओरडूनच बोलला. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता, तेव्हा ओरडण्याला सबब होती.

तांडेलबाबा जाळ्याची फाटकी जागा गुंफत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तरुणपणी ते मच्छीमार होडीचे तांडेल होते. समुद्रावर त्यांचा शब्द शेवटचा असे. आता खाडीच्या तोंडाशी, टेकडीवरच्या खोपीत एकटेच राहत. बोलत कमी, म्हणूनच असेल, गावातली माणसं मन मोकळं करायला त्यांच्याकडे चढून येत.

पुंडलिक मात्र मन मोकळं करायला आला नव्हता. काखेत बोचकं मारून तो शिष्य व्हायला आला होता.

“घर सोडून इलंय,” तो म्हणाला. “माका वैराग्य इला. माका तुमच्या पायांकडे ठेवा.”

“कधी इला?”

“परवा.”

बाबांनी मान डोलावली. पुंडलिकाला वाटलं, निम्मं काम झालं. तो पुढे सरकून बसला.

“वर्साचा सांगू तुमका? चैतात दारच्या कलमाक पयलो आंबो पिकलो. आवशीन तो रघूसाठी गवतात घालून ठेवल्यान. रघू खंय? बोटीर, आफ्रिकेक! आंबो कुसलो, पण तिना कोणाक कापूक दिल्यान नाय.”

रघू म्हणजे धाकटा भाऊ, रघुवीर. मालवाहू बोटीवर नोकरीला होता आणि वर्षाकाठी गणपतीला तेवढा घरी येई.

“वैशाखात फणसाची साठां घातली. तेतूरलो एक डबो रघूचो. भादव्यात गणपती डोक्यार घेवन चिखलातसून कोण हाडता? मी. आणि पाटार बसून पूजा कोण करता? रघू. आवस म्हणता, तो पावणो, तेका बसूं दे.”

बाबांनी जाळ्याची पुढची गाठ मारली.

“थंडयेत तर इचारूच नकात. तिन्हीसांजेक आवस दारात उभी. मी शेतातसून येतंय, तिच्या समोरसून घरात शिरतंय. ती आपली दर्याकडे बघता. दर्याकडे!”

त्याने बोचक्यावर मूठ मारली.

“बारा म्हयने मी हंय राबतंय, बाबा. आणि ऋतू सगळे तेचे.”

त्याला भावाचा हेवा वाटत होता. तो इतका जुना झाला होता की पुंडलिकाला तो आपला स्वभावच वाटू लागला होता, आणि परवापासून वैराग्य. खरं वैराग्य आलेला माणूस इतक्यांदा भावाचं नाव घेत नाही. पण बाबांनी तसं काही बोलून दाखवलं नाही.

“परवा काय झाला?” त्यांनी विचारलं.

“तीच तर गजाल! आवशीकडे एकच जाड गोधडी. ती नेवन रघूच्या खोलयेत घातल्यान. थंय पाणी भरता म्हणान. आणि आपण उघड्या चटयेर निजली. आता खोकता. रिकामी खोली, बाबा! माणूस नाय, काय नाय, आणि तिका गोधडी! तेवाच माझा मन उडाला.”

“पाणी खंयसून भरता?”

“पश्चिमेसून.”

“झापां नाय बांधलंस?”

त्या किनाऱ्यावर हे कुणाला विचारणं म्हणजे चूल पेटवलीस का, असं विचारण्यासारखं होतं. मृगाआधी नारळाच्या झावळ्या विणून झापं करायची आणि घराच्या पश्चिमेला, वळचणीपासून जोत्यापर्यंत बांधून टाकायची. पाऊस समुद्रावरून आडवा येतो. झाप नसेल तर मातीची भिंत आषाढ काढत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

“बांधलंय,” पुंडलिक म्हणाला.

“सगळी?”

“पडवेर बांधलंय. रांधपाच्या खोलयेर बांधलंय. माझ्या खोलयेर बांधलंय.”

“रघूच्या?”

बाबांची सुई थांबली होती.

“तेचा झाप खंय गेला?”

“न्हाणयेच्या चुलीत.”

“इनलेला?”

“इनलेला.” पुंडलिक जमिनीकडे बघत होता. “मियाच इनलंय आणि मियाच जाळलंय. म्हटलंय, बोटीर बसलेल्याक पाऊस लागता थोडोच!”

“आवस काय म्हणाली?”

“माका काय म्हणाली नाय. शेजारणीक सांगत होती, औंदा झावळां कमी पडली.”

हे सांगताना त्याला पहिल्यांदाच लाज वाटली. पण हेव्याला लाज फार वेळ पुरत नाही. त्याने लगेच मान वर केली.

“चूक झाली, कबूल. पाप केलंय म्हणा. पण गोधडीचा काय? रघूची गादी राखूक तिना आपला आंग उघडा टाकल्यान. माझी गादी भिजली असती तर टाकल्यान असता?”

“रघूची गादी सुकी ऱ्हवली?”

“खंयची सुकी! चिंब झाली. ट्रंक पण पाण्यात.”

“गादी उचलूक नाय तिना?”

“नाय.”

“ट्रंक?”

“ती पण नाय.” पुंडलिक जरा अडखळला. हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

“मगे गोधडी खंय घातल्यान?”

“मधल्या भिंतीक. लांब गुंडाळी केल्यान आणि भिंतीच्या पायथ्याक लावल्यान, हयसून थंयपावत.” त्याने जमिनीवर हात ओढून दाखवलं. “पाणी थंय येवन आडता. मगे ती गोधडी पिळता, परत लावता. दिसाक दहा खेपा.”

बाबांनी सुई जाळ्यात टोचून ठेवली.

“मधल्या भिंतीपलीकडे कोण निजता?”

पुंडलिक उत्तर द्यायला गेला. आणि त्याची नजर जमिनीवर आताच हात ओढून दाखवलेल्या जागेवर गेली.

पाऊस वाढला. खोपीच्या छपरावरून पाण्याच्या धारा लागल्या.

“मी,” तो म्हणाला.

परवापासून त्याच्या खोलीची जमीन कोरडी होती. काल कोरडी होती, आज सकाळीही कोरडी होती. भिंतीपलीकडे घोटाभर पाणी, आणि अलीकडे त्याच्या उशाला ओलसुद्धा नव्हती. त्याने तिकडे पाहिलंच नव्हतं. तो आईच्या हातातल्या गोधडीकडे बघत होता आणि ती कुणाच्या खोलीत शिरली तेवढंच त्याला दिसत होतं.

त्याला रडू आलं. मोठा माणूस रडतो तसा, तोंड फिरवून तो रडला.

बाबा उठले. खोपीच्या पश्चिमेला गेले आणि झापाच्या गाठी सोडू लागले. काथ्या भिजून फुगला होता, गाठी लवकर सुटेनात. त्यांनी दातांनी सोडल्या.

झाप निघालं तसा पाऊस आत शिरला. जाळं भिजलं, बसायची जागा भिजली. चुलीतला विस्तव चरचरला आणि विझला.

“बाबा, ह्या काय करतास? तुमी भिजतलात!”

बाबांनी झाप गुंडाळून त्याच्या डोक्यावर दिलं. बोचकं उचलून काखेत दिलं. मग आपल्या जागी, त्या ओल्या जमिनीवर, परत जाऊन बसले आणि सुई शोधू लागले.

पुंडलिक दारापर्यंत गेला. पायऱ्यांवरून गढूळ पाणी खाली धावत होतं. खाली माडांच्या आड त्याच्या घराचं छप्पर दिसत होतं, आणि पश्चिमेच्या बाजूला भिंतीचा एक काळा, ओला पट्टा उघडा पडलेला.

तो वळला.

“झाप आताच्या आता बांधतंय. माझी गोधडी सुकी हा, ती आवशीक देतंय. पण तिची...” त्याने डोक्यावरचं झाप सावरलं. “तिची पिळून पिळून पण चिंब हा, बाबा. ऊन आता दसऱ्याक. घरात ती सुकूची नाय. कशी सुकवू?”

पाऊस बाबांच्या तोंडावर येत होता. त्यांनी तो पुसला नाही.

“पावसाळ्यात ओली गोधडी पांघरणाऱ्याच्या आंगारच सुकता रे.”