चुकलेली विहीर

"विहीर चुकली," धैर्यसिंह महाराजांनी निकाल दिला. "शिळा चुकणं शक्यच नाही."

झालं होतं असं. कोंडपूरच्या शाळेपुढे थोरल्या महाराजांनी एक शिळा उभी करून तिच्यावर जगातलं सगळं ज्ञान कोरून घेतलं होतं. चाळीस ओळींत आटोपलं. आता शोधायचं काही उरलं नाही म्हणून मुलं शिळा पाठ करायची आणि पंतोजी डुलकी काढायचे. नववी ओळ होती, 'शाळेची विहीर वीस हात खोल.' पण सगुणा पडली शिंप्याची पोर, मापाशिवाय तिला चैन कुठलं? तिने दोर सोडला. भरले तेवीस हात!

"कोरलेलं कधी खोटं असतं का?" पोरं म्हणाली. "तुझा दोरच खोटा."

पंतोजी मात्र खडबडून जागे झाले. त्यांनी स्वतः मोजून पाहिलं आणि भोळेपणाने दरबारात सांगून बसले.

"परवापर्यंत विहीर शिळेबरहुकूम करा," महाराज कडाडले. "आत माती टाकायची नाही, दगड टाकायचा नाही. नाही जमलं तर पंतोजी राज्याबाहेर."

पंतोजींच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारपणी बिचारे जाणार कुठे? सगुणाला फार वाईट वाटलं. दोर तिचा आणि शिक्षा त्यांना! घरी जाऊन ती शिवायला बसली.

तिसऱ्या दिवशी सगळा दरबार विहिरीवर हजर.

"महाराज, शिळा वरून खाली वाचायची ना?" सगुणाने विचारलं.

"अर्थात."

"मग नवव्या ओळीच्या आधी सहावी. तिच्याबरहुकूम अंगरखा शिवलाय. घालून बघा."

महाराजांचे दोन्ही हात कोपरापर्यंत गेले आणि अडकले. "हा काय माकडाचा शिवलास?"

"तुमचाच आहे. सहावी ओळ, 'युवराज धैर्यसिंह सव्वादोन हात उंच.' शिळा चुकणं शक्य नाही, म्हणजे महाराज चुकलेत. आता कमी कुठून करायचं, वरून की खालून?"

तलवारवाला शिपाई हळूच पुढे सरकला. हुकमाचा ताबेदार माणूस तो.

"अरे, थांब तू!" महाराज ओरडले. "पोरी, मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. ओळ तेव्हा खरीच होती. पुढे मी वाढलो."

"विहीरही वाढली, महाराज. दुष्काळात तुम्हीच तिचा तळ खणून घेतलात. नंतर कुणी मोजलं नाही, एवढंच."

महाराज असे खदखदून हसले की अंगरख्याची एक बाही उसवली. त्यांनी पंतोजींना शाल दिली आणि सगुणाला पन्नास हात रेशमी दोर.

"उरलेल्या ओळीही तपासून टाक," ते म्हणाले. "जिथे चुकलंय तिथे नव्याने कोरून घेऊ."

"कोरू नका, महाराज," सगुणा म्हणाली. "खडूने लिहा."

दुसरी बाहीही उसवली.