अकरा दारं आणि बारावं

एका डोंगरी राज्यात एक परटीण राहायची. मनाने मऊ, पण दगडावर कपडे आपटावेत तसे शब्द आपटायची.

तुरुंगातल्या बायकांचे कपडे धुवायचं काम तिच्याकडे होतं. तिथेच तिची सगुणाशी ओळख झाली. सगुणाने आपल्या मालकिणीच्या पाटल्या चोरल्या होत्या. खोटा आळ नव्हता, खरंच चोरल्या होत्या. त्याची पाच वर्षांची शिक्षा तिने भोगली आणि आत राहून सतरंज्या विणायला शिकली. सुटली त्या दिवशी तिला न्यायला कोणीच आलं नाही.

परटीण म्हणाली, "चल, तुला काम बघू. हातात हुन्नर आहे, त्यात काय अवघड?"

काय अवघड ते दुपारपर्यंतच कळलं.

कोष्ट्याने सगुणाच्या हातची सतरंजी बोटांनी चाचपली. "वीण फर्मास आहे हो! पण माझ्या घरात लेकीसुना आहेत."

"मग? ती काय त्यांना विणणार आहे?" परटीण कडाडली आणि पुढच्या दाराशी गेली.

अन्नछत्राचा कारभारी म्हणाला, "चांगल्या चालीची चिठ्ठी आणा."

तुरुंगाचा अधिकारी म्हणाला, "बाहेर सहा महिने नीट काम केलं की चिठ्ठी मिळते."

"आणि काम कधी मिळतं?"

"चिठ्ठी दाखवली की."

परटिणीने कपाळावर हात मारून घेतला.

असे आठ दिवस गेले. सगुणा धर्मशाळेत पडून राहायची, आणि परटीण तिला घेऊन दारं ठोठावायची. अकरा दारं झाली. शेवटी ती सगुणाला घेऊन तणतणत चावडीवर गेली. पंच ऐसपैस बसले होते, तुरुंगातून विकत आणलेल्या सतरंजीवर.

"उठा!" परटीण म्हणाली. "हिच्या हातचं अंगाखाली चालतं, आणि ही दारात चालत नाही? राजाने पाच वर्षं दिली. तुम्ही जन्मठेप द्यायला निघालात!"

पंच चुळबुळले. कोपऱ्यातून पाटलाची म्हातारी आई शांतपणे म्हणाली, "एवढा कळवळा आहे, तर तूच का नाही ठेवत हिला घाटावर?"

परटिणीने उगारलेला हात खाली घेतला.

गावातले भरजरी शेले तिच्याकडे यायचे. त्यातला एक हरवला तरी धंदा बुडाला असता. म्हणून तर स्वतःचं दार तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने सगुणाकडे पाहिलं. सगुणा खाली बघत होती. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. तिला हे पहिल्या दिवसापासूनच ठाऊक होतं. परटिणीला तेच फार लागलं.

"उद्या उजाडताच घाटावर ये," ती खेकसली. राग मात्र आता स्वतःवरच होता.

तीन घरांनी कपडे द्यायचं बंद केलं. एक बाई तर सगुणासमोर एकेक लुगडं उलगडून, उन्हात धरून बघायची. एके दिवशी सगुणा म्हणाली, "मावशी, मी जाते. माझ्यापायी तुमचं नुकसान होतंय."

"गप बस आणि ते धोतर पीळ! नुकसान माझं, रडतेस तू!"

वर्ष सरलं. एकही शेला हरवला नाही. गेलेल्या तीन घरांपैकी दोन परत आली, एक आलंच नाही. मग एका सकाळी कोष्टी घाटावर आला, मान खाली घालून. "सगुणाबाई, मागावर याल का?"

परटीण फणकारली, "आता बरी आठवण झाली!" पण मग हळूच म्हणाली, "जा गं. तो तुझा हुन्नर आहे."

"जाते," सगुणा म्हणाली, "पण पुढच्या महिन्यात तुरुंगातून एकजण सुटतेय. माझी जागा तिला द्याल? मात्र जरा तोंडाळ आहे हं."

"अगं माझे आई, पुन्हा पहिल्यापासून?" असं म्हणत परटीण कपडे भिजवायचं आणखी एक घंगाळ घासायला बसली.

तात्पर्य: कुणासाठी गावभर दारं ठोठावायला निघालात, तर आधी आपल्या दाराची कडी काढा.